रंग बदलला, पण अंतरंग?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आय. टी. आय.मधून विजेच्या कामाचे शिक्षण घेऊन आणि दोन वर्षे एका ठेकेदाराच्या हाताखाली काढून स्वतःचा धंदा सुरू करावयास निघाला होता. हत्यारांच्या खरेदीसाठी त्याच्या आईने पोस्टातली एक मुदतठेव मोडली. रावपुऱ्यातल्या दुकानात जाण्यापूर्वी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, भिंतीत भोकं पाडायचं ड्रिल मशीन घ्यायचंय. एक अडीच हजारांचं आहे, दुसरं साडेसात हजारांचं. दुकानदार सांगतो, आतला माल एकच, फक्त नाव आणि रंग वेगळा. तुम्हीच सांगा, कोणतं घेऊ?"

आम्ही चार पुस्तके वाचलेले गृहस्थ. असा प्रश्न कोणी विचारला की उत्तर तयारच असते. आम्ही म्हणालो, "अरे, नावाचे पैसे कशाला मोजतोस? कारखाना एक, साचा एक. वर झगझगीत रंग फासला की किंमत तिप्पट होते. स्वस्तातलं घे आणि उरलेले पैसे आईला परत दे."

भाच्याने मामाचा शब्द मानला. तिसऱ्याच आठवड्यात एका नव्या घराच्या सिमेंटच्या छतात भोके पाडीत असता त्या यंत्रातून धूर निघाला. आर्मेचर जळले होते. काम अर्धवट राहिले, घरमालकाने दुसरा माणूस बोलाविला, आणि घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी लागली. दुकानदाराने हमीपत्र पुढे केले. त्यात बारीक अक्षरांत छापले होते की हे यंत्र घरगुती वापरासाठी असून धंद्याच्या कामास हमी लागू नाही. भाचा आम्हांला एका शब्दानेही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

आमचे वडील येथल्या कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था स्थापन केली. दादासाहेब फाळकेही तेथे शिकले होते. पुढे ती विद्यापीठात समाविष्ट झाली. वडिलांची पटाशी, रंधा आणि गिरमिट अजून आमच्या माळ्यावर आहेत. कोणतेही हत्यार घेताना ते आधी हातात धरून, वळवून, सांधे पाहून मगच किंमत विचारीत. छाप कोणाचा हे सर्वांत शेवटी वाचीत. त्यांच्या मुलाने मात्र यंत्र न पाहताच निकाल दिला होता. तेव्हा आपण जे इतक्या ठामपणे बोललो त्यात सत्य किती आणि ऐकीव किती, याचा शोध घ्यावयाचे आम्ही ठरविले.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की आमच्या बोलण्याला अजिबात आधार नव्हता असे नाही. एकच वस्तू दोन नावांनी विकण्याची रीत व्यापारात सर्रास चालते. उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या गुजरातेत हंसलपूर येथे सुझुकीचा मोटारींचा कारखाना आहे. तेथे बनणारी बलेनो मोटार थोडा बाह्य फेरफार करून २०१९ साली टोयोटाने ग्लांझा या नावाने बाजारात आणली. यात लपवाछपवी काही नव्हती. दोन कंपन्यांचा तसा करारच होता, आणि दोन्ही गाड्यांच्या किमतीही जवळजवळ होत्या.

परंतु सगळेच व्यवहार इतके सरळ नसतात. स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीच्या कॅमेऱ्यांनी १९६९ साली चंद्रावर माणसाच्या पहिल्या पावलांची छायाचित्रे टिपली. व्यावसायिक छायाचित्रकारांत या नावाला केवढा मान! याच कंपनीने २०१२ साली 'ल्युनर' म्हणजे 'चांद्र' या नावाचा एक कॅमेरा जाहीर केला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ७,००० डॉलर ठेवण्यात आली. जाणकारांनी पाहिले तो आत सोनी कंपनीचा एन. ई. एक्स. ७ हा कॅमेरा निघाला. तो बाजारात सुमारे १,२०० डॉलरला मिळत होता. वर लाकडी मूठ आणि दिमाखदार कवच एवढीच काय ती भर होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत झाली. छायाचित्रकारांनी त्याची थट्टा केली आणि कंपनीला तो मार्ग पुढे सोडून द्यावा लागला.

अशा कथा कानांवर आल्या म्हणजे महाग वस्तू ही रंगविलेली स्वस्त वस्तूच होय, असा ग्रह बनतो. त्यातून विजेच्या हत्यारांच्या बाबतीत तर संशयाला पोषक अशी एक गोष्ट आहे. दुकानात परस्परांचे वैरी म्हणून मांडलेली अनेक नावे प्रत्यक्षात एकाच घरची असतात. पिवळ्या रंगाचे डीवॉल्ट आणि घरगुती ब्लॅक अँड डेकर ही सख्खी भावंडे. तांबड्या रंगाचे मिलवॉकी हे व्यावसायिकांचे नाव आणि रिओबी या नावाची घरगुती यंत्रे, दोन्ही हाँगकाँगच्या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. जर्मनीची बॉश कंपनी तर नावही बदलत नाही. कारागिरांसाठी निळे यंत्र आणि हौशी गृहस्थांसाठी हिरवे, एवढाच भेद डोळ्यांना दिसतो. मग आत एकच माल असेल असे कोणाला वाटणार नाही?

यांपैकी डीवॉल्टची कथा मुळातून जाणून घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९१० साली डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघा मित्रांनी एक लहानसा यंत्रकारखाना काढला. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा चाप असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. आज आपल्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन ज्या रीतीने ड्रिल धरतो ती रीत तेथूनच आली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने घरगुती वापरासाठी स्वस्त यंत्रे काढली. पुढे १९८४ साली तिने जनरल इलेक्ट्रिकचा लहान घरगुती उपकरणांचा धंदा विकत घेतला आणि इस्त्री, टोस्टर अशा वस्तूंवरही हेच नाव झळकू लागले. घराघरांत नाव पोहोचले. सुतार आणि गवंडी मात्र बिचकले. जे नाव स्वयंपाकघरातल्या टोस्टरवर आहे ते यंत्र घेऊन कामावर जाणे त्यांना कमीपणाचे वाटू लागले. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील कारागिरांच्या बाजारात जपानच्या मकिता कंपनीचा हिस्सा जवळजवळ निम्मा होता. ब्लॅक अँड डेकरचा शेकडा दहाही नव्हता.

नवल असे की कारागिरांसाठी बनविलेली तिची यंत्रे कसोटीत हलकी ठरत नव्हती. आडवे येत होते ते नाव. तेव्हा कंपनीने १९६० साली विकत घेतलेले एक जुने नाव बाहेर काढले. हे नाव होते लाकूड कापण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेमंड डीवॉल्ट यांचे. १९९२ साली तिची करड्या रंगाची व्यावसायिक यंत्रे पिवळ्या रंगात, डीवॉल्ट या नावाने, नव्याने बाजारात आली आणि पाहता पाहता कारागिरांनी ती उचलून धरली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. नाव बदलले हे खरे. परंतु घरगुती स्वस्त यंत्राला पिवळा रंग देऊन ते महाग केले, हे खरे नव्हे. जी यंत्रे आधीच कारागिरांसाठी बनत होती त्यांचे नामांतर झाले. घरगुती यंत्रांची जात निराळी होती, ती निराळीच राहिली आणि त्यांच्यावर जुनेच नाव राहिले. अमेरिकेतील कारागिरांनी नावामुळे चांगले यंत्र नाकारले होते. आम्ही नावावरच्या संशयामुळे हलके यंत्र पसंत केले होते. नावावर भाळणे आणि नावाला भिऊन पळणे, या एकाच चुकीच्या दोन बाजू होत. दोहोंतही यंत्र उघडून कोणी पाहत नाही.

ते उघडून पाहण्याचा योग आम्हांला मदनझांपा रस्त्यावरच्या एका वृद्ध कारागिराने आणून दिला. मोटारी वाइंडिंग करण्यात त्यांची हयात गेली. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. भाच्याचे जळलेले यंत्र घेऊन आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते उघडले आणि दुरुस्तीस आलेले एक महागडे ड्रिल शेजारी उघडून ठेवले. दोहोंच्या पट्टीवर ६०० वॅट हाच आकडा होता. बाहेरून पाहता दोन्ही जुळी भावंडे शोभली असती.

आत मात्र दोन संसार निराळे होते. महाग यंत्राच्या फिरत्या दांड्याला दोन्ही टोकांस बॉल बेअरिंग होते. स्वस्त यंत्रात एका टोकाला साधे बुश. ते झिजले की दांडा डगमगतो, घर्षण वाढते आणि मोटार तापते. एकात दाते पोलादी, दुसऱ्यात एक चक्र प्लॅस्टिकचे. एकाच्या तांब्याच्या वेटोळ्यांना जाड रोगण चढवून ती घट्ट बसविलेली, दुसऱ्याची तार बारीक आणि सैल. एकाचे कार्बन बाहेरून झाकण फिरवून पाच मिनिटांत बदलता येत. दुसऱ्याचे कार्बन बदलावयास सारे यंत्र खोलावे लागे. उस्ताद म्हणाले, "साहेब, हे यंत्र वाईट नाही. वर्षातून चार खुंट्या ठोकणाऱ्या घरात ते दहा वर्षं चालेल. तुम्ही बैलगाडीला मालगाडीचं काम सांगितलंत."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती तर आमच्या गावीही नव्हती. भाच्याच्या यंत्रावर 'हॅमर' असे लिहिले होते. त्या जातीच्या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यामुळे टोक थरथरते. विटेच्या भिंतीला हे पुरते. परंतु त्याचा जोर माणसाच्या हाताच्या रेट्यावर अवलंबून असतो. सिमेंटच्या छतासाठी लागते ते रोटरी हॅमर. त्यात मोटार एक दट्ट्या पुढेमागे हलविते, मधली हवा दाबली जाते आणि ती हवाच आतल्या घणाला टोकावर आदळविते. हात केवळ दिशा देतो. बॉशने अशा जातीचे विजेचे यंत्र १९३२ साली काढले होते. एक शब्द दोन्ही यंत्रांवर छापलेला, पण कार्य सर्वस्वी भिन्न. छतावर दाब देऊन देऊन भाच्याने आपले खांदे दुखविले आणि मोटारही जाळली.

याच्या उलट, जेथे लेबलावर भेद दिसतो तेथे आत काहीच भेद नसतो, असाही प्रकार आढळतो. बॅटरीवर चालणाऱ्या एकाच यंत्रावर डीवॉल्ट कंपनी अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' लिहिते आणि युरोपात १८ व्होल्ट. आत लिथियमचे पाच घट एकामागून एक जोडलेले असतात. नुकत्याच पूर्ण भारलेल्या प्रत्येक घटाचे चार व्होल्ट धरले तर वीस होतात. काम करतानाचे सरासरी ३.६ धरले तर अठरा. बॅटरी तीच, हिशेबाची रीत निराळी. वीसचा आकडा पाहून जो दोन व्होल्टांचे जादा पैसे मोजील तो नुसत्या आकड्याचेच पैसे मोजील.

तात्पर्य, महाग यंत्र म्हणजे रंगविलेले स्वस्त यंत्र काय, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कधी होय, कधी नाही. आणि ते दुकानाच्या काचेतून कळत नाही. म्हणून विकत घेणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. यंत्राचे चक धरून हलवून पाहावे. दांडा डुगडुगत असेल तर आतले बेअरिंग कसे असेल याचा अंदाज येतो. कार्बनची झाकणे बाहेर आहेत काय ते पाहावे. आर्मेचर, कार्बन, स्विच हे सुटे भाग आपल्या गावात मिळतात काय, हे दुकानदाराला नव्हे, दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे. आणि हमीपत्र घरी आल्यावर नव्हे, पैसे देण्यापूर्वी वाचावे. त्यापेक्षाही आधी, हे यंत्र दिवसातून किती तास चालावयाचे आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. जादा किंमत त्या तासांची असते. ज्याच्या घरी वर्षाकाठी दोन चित्रे टांगावयाची आहेत त्याने कारागिराचे यंत्र घेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

भाच्याने उस्तादांच्या सल्ल्याने नवी यादी केली. छताच्या कामासाठी चांगले रोटरी हॅमर घेतले; ते रोज चालावयाचे, तेथे काटकसर नाही. स्क्रू पिळण्याचे लहान यंत्र मात्र साध्यातलेच घेतले, कारण त्याच्यावर ताण पडत नाही. जळलेल्या यंत्राचे आर्मेचर उस्तादांनी बदलून दिले. ते आता आमच्या घरी आहे आणि खुंट्यांपुरते उत्तम चालते.

पहिल्या यंत्राची किंमत आणि परत करावी लागलेली आगाऊ रक्कम हिशेब करून आम्ही बहिणीच्या हाती ठेवावयास गेलो. तिने यंत्राचे पैसे परत केले. म्हणाली, "दादा, यंत्र तुझ्या घरी आहे, त्याचे पैसे कसले? पण आगाऊ रकमेचे ठेवते. ती माझ्या ठेवीतली होती." आणि ती त्याच आठवड्यात पोस्टात जाऊन पुन्हा ठेवून आली.