दगडातला गज, क्रेमोनाचे लाकूड

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर उत्तर चालुक्य काळातले. बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरींसाठी ते ओळखले जाते. अशा मंदिरांवर एखाद्या वादिकेच्या हातात तंतुवाद्य आणि त्यावर आडवी काठी दिसली, की ‘व्हायोलिन मुळात आपलेच’ हा निष्कर्ष तयारच असतो. तो घाईचा आहे. ती काठी खरोखर गज आहे असे धरले, तरी त्यातून एवढेच ठरते की तार घासून वाजवण्याची कला इथे ठाऊक होती. ती दहाव्या शतकात मध्य आशियापासून अरबी मुलखापर्यंतही ठाऊक होती, आणि आपल्याकडे रावणहत्ता, सारंगी ही तिचीच लेकरे.

व्हायोलिनचे व्हायोलिनपण गजात नाही, पोटात आहे. सोळाव्या शतकात उत्तर इटलीत, विशेषतः क्रेमोनाच्या आंद्रेआ आमातीच्या हाती, त्याची घडण स्थिरावली: वरची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची, दोन्हींना कोरून आणलेला फुगवटा, पडदे नाहीत, आणि पाच-पाच स्वरांच्या अंतराने लावलेल्या चार तारा. तारा पेलणारी घोडी कमानदार असल्यामुळे गज एकेका तारेला वेगळा स्पर्श करू शकतो. घोडीच्या एका पायाजवळ, आतल्या बाजूला, साउंडपोस्ट नावाची बारीक दांडी नुसती दाबून बसवलेली असते. ती कंप पाठीपर्यंत पोचवते, आणि जराशी सरकली तरी आवाज बदलतो. सारंगीचे पोट चामड्याने मढवलेले, तिची ध्वनियोजनाच निराळी. तेव्हा शिल्प क्रेमोनापेक्षा चार-पाच शतके जुने आहे, या युक्तिवादाने वय सिद्ध होते, वंश नव्हे.

मग व्हायोलिन निव्वळ परके म्हणायचे का? तेही पटत नाही. क्रेमोनाच्याच स्त्रादिवारीचे (१६४४–१७३७) व्हायोलिनही जसेच्या तसे उरलेले नाही. एकोणिसाव्या शतकात त्याची मान लांबवून मागे झुकवली गेली, आणि गजाला आजचा बाक त्याआधीच फ्रान्सच्या तूर्त या गज-कारागिराने दिला होता. घडण बदलत राहिली, तशी बैठकही. बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांच्यापासून दक्षिणेत ते कर्नाटक संगीतात रुजले. वादक मांडी घालून बसला, वाद्याचे टोक पायावर टेकले, तारा षड्ज-पंचमात लागल्या.

महाराष्ट्रात या वाद्याला गायकांनी आपलेसे केले, हे मला निर्णायक वाटते. गजाननराव जोशी स्वतः नामांकित गायक. श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी एकल वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. गायकाला हवी ती मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड सरकणे, सारंगीतही निघते, मग सारंगीच का नको, असा आक्षेप रास्त आहे. पण सारंगीच्या तीसहून अधिक तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, जुळवणे जिकिरीचे, आणि कोठ्याशी जोडलेला कलंक मध्यमवर्गाच्या मनातून जाईना, हा कलावंतांवरचा अन्याय असला तरी. हार्मोनियममध्ये मींड नाही, शिवाय १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. चार तारांचे, सुटसुटीत, गळ्यासारखे स्वर ओढणारे व्हायोलिन या फटीत बरोबर बसले. प्रभाकर जोगांनी मराठी भावगीते व्हायोलिनवर अशी वाजवली, की श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणू लागे. ‘गाणारे व्हायोलिन’ हे त्यांच्या कार्यक्रमाचे नाव.