तिथीची पाऊणपट

नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या वखारी पुष्कळ. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. तिथले आम्ही चार मित्र एकदा मार्गशीर्षात कोकणात गेलो आणि दाभोळहून मच्छीमारांच्या एका लाँचमधून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला, जयगडकडे निघालो. वाटेत एका लहान खाडीत मुक्काम करायचा होता. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली, म्हणून ‘तीनच्या सुमाराला आत शिरायला हवं’ असे तांडेलांनी निघतानाच बजावले होते. पण वाटेत डॉल्फिन दिसले, आमच्या हट्टामुळे लाँच रेंगाळली आणि मुखाशी पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले. व्हायचे तेच झाले. लाँच वाळूवर टेकली.

“आता सुटका कधी?” आम्ही विचारले.

“रात्रीचा एक वाजेल, साहेब. आज चवथ. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती झाली.”

आम्हा चौघांपैकी दोघे विज्ञानातले डॉक्टरेट; पण हा हिशेब आम्हाला ठाऊक नव्हता. तो समजून घ्यायला आता भरपूर वेळ होता!

भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे येते, हे आपण शिकवतोच. तिथी म्हणजे काय? आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणजे १२ अंश फिरायला तिला ४८ मिनिटे लागतात. म्हणून दर तिथीला चंद्र माथ्यावर येण्याची वेळ ४८ मिनिटांनी पुढे जाते आणि तिच्याबरोबर भरतीचीही. तासांत सांगायचे तर ४८ मिनिटे म्हणजे ०.८ तास.

मग कोळी पाऊणपट, म्हणजे ०.७५ ने का गुणतात? हा केवळ सोपेपणा नव्हे. चतुर्थी चालू असताना हे अंतर ३६ अंशांपासून ४८ अंशांपर्यंत वाढते. त्याचे तास होतात २.४ ते ३.२. पाऊणपटीने आलेले ३ त्यांच्यामध्येच बसतात. अष्टमीला ५.६ ते ६.४, आणि पाऊणपट ६. पौर्णिमेला ११.२ ते १२, आणि पाऊणपट सव्वाअकरा. पंधराही तिथींना उत्तर असेच मर्यादेत राहते. विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करायची, कारण भरती पृथ्वीच्या चंद्रासमोरील आणि विरुद्ध अशा दोन्ही बाजूंना येते.

येथे एक सावधगिरी हवी. चंद्र माथ्यावर आला की त्याच क्षणी भरती होते असे नाही. किनाऱ्याचा आकार व समुद्राची खोली यांमुळे उशीर होतो आणि तो प्रत्येक बंदराला निराळा असतो. कोकणात हा उशीर जवळजवळ दोन भरत्यांमधील काळाएवढा, म्हणून तो हिशेबात दिसत नाही. दुसऱ्या किनाऱ्यावर ही पाऊणपट तशीच लावता येणार नाही. कोकणातही अर्ध्या-एका तासाचा फरक पडू शकतो. नौकानयनासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकेच वापरावीत.

आता आमचा हिशेब. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आत पूर्ण ओहोटी. तीनची भरती, तर सव्वानऊच्या सुमारास ओहोटी. लाँच टेकली त्याच्यापूर्वी पावणेचार तास. पाणी ज्या गतीने उतरते साधारण त्याच गतीने चढते, म्हणून पुन्हा तेवढे पाणी यायला ओहोटीनंतर पावणेचार तास हवेत. म्हणजे रात्रीचा एक! लाँच खरोखरच एकच्या आसपास हलली. दुसऱ्या दिवशी तांडेलांनी निघा म्हणताच आम्ही निमूटपणे निघालो.

शाळेत हा प्रयोग समुद्राशिवाय करता येतो. शुद्ध पक्षात सूर्यास्ताच्या वेळी हात ताठ करून मूठ धरावी. ती सुमारे १० अंश व्यापते. मावळत्या सूर्यापासून चंद्रापर्यंत किती मुठी बसतात ते मोजावे (सूर्याकडे रोखून पाहू नये). प्रत्येक मुठीचे ४० मिनिटे धरावे. चतुर्थीला चार-साडेचार मुठी भरतील, म्हणजे जवळजवळ तीन तास. लकडगंजातल्या गच्चीवर उभे राहून कोकणात भरती किती वाजता झाली असेल, हे आता आम्ही सांगू शकतो.