रेशमांत विणलेला आशीर्वाद

वस्त्रावर अक्षरें भरणें निराळें आणि वस्त्रांतच तीं विणणें निराळें. भरतकामांतील चुकलेला टांका उसवतां येतो. मागावर मात्र कोणते धागे केव्हां उचलावयाचे हें आधींच ठरवून बांधून ठेवावें लागतें.

दहाव्या शतकांत पूर्व इराणांतील खुरासान प्रांतीं असें एक रेशमी वस्त्र विणलें गेलें. त्यावर समोरासमोर उभे हत्ती आहेत, कांठाला उंटांची रांग आहे, कोपऱ्यांत कोंबडा आहे. आणि हत्तींच्या पायांखालीं अरबी भाषेंत, कोनदार कूफी लिपींत एक ओळ आहे. तिचा आशय असा, कीं सेनापति अबू मन्सूर बख्तगीन ह्यास वैभव व उत्कर्ष लाभो, ईश्वर त्यास दीर्घायु करो. आशीर्वाद फळला नाहीं. बख्तगीन ज्या सामानी घराण्याच्या पदरीं होता, त्याच घराण्याच्या अब्दुल मलिक राजानें इ. स. ९६१ मध्यें त्यास ठार करविलें. वस्त्र अर्थातच त्यापूर्वींचें.

पुढें हें रेशीम उत्तर फ्रान्समधील सँ-जोस येथील ख्रिस्ती मठांत पोंचलें. पहिल्या धर्मयुद्धांतून (१०९६–१०९९) परतलेल्या कोणा सरदारानें तें आणलें असावें, असें विद्वान् मानतात. इ. स. ११३४ मध्यें मठवासीयांनीं आपल्या साधूच्या, संत जोसच्या, अस्थि त्यांत गुंडाळल्या. ज्याला दीर्घायुष्य चिंतिलें त्याचा वध झाला, आणि तीच ओळ चारशें वर्षांहून अधिक काळ मृत असलेल्या परधर्मीय विरक्ताच्या हाडांभोंवतीं आली!

ह्यास कोणी अडाणीपणा म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. मठांत ती लिपि कोणास वाचतां येत नसावी. पण विणकामाचें मोल डोळ्यांस कळत होतें, आणि उत्तर फ्रान्सांत असें रेशीम विणलें जात नव्हतें. जवळ होतें त्यांतलें उत्तम तें त्यांनीं साधूस दिलें. त्या काळचीं खुरासानी वस्त्रें आज अत्यल्प उरलीं आहेत. हें उरलें तें अस्थींबरोबर जपलें गेलें म्हणून.

राजेही ह्यास अपवाद नव्हते. ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रुडॉल्फ १३६५ मध्यें मिलान येथें वारला. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन मंदिरांत त्यास ज्या जरतारी रेशमांत पुरलें, त्यावर इराणचा मोंगल सुलतान अबू सईद ह्याचें नांव व पदव्या विणलेल्या आहेत. तो सुलतान तीस वर्षें आधींच, १३३५ त, निवर्तला होता.

संत जोसचें वस्त्र १९२२ पासून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. आतां त्याचे दोन तुकडेच राहिले आहेत. मोठा तुकडा ९४ सेंटिमीटर लांब व ५२ रुंद. बख्तगीनाचें नांव त्यावर स्वच्छ वाचतां येतें.