परीक्षेचा निःपक्षपातीपणा

पाठांतरावर आधारलेली परीक्षा वरवर पाहता मोठी निःपक्षपाती भासते. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच, अवधी सारखाच, आणि उत्तरपत्रिकेवर केवळ आसनक्रमांक असल्यामुळे उमेदवाराची जात अथवा त्याच्या बापाची मिळकत तपासनिसाला कळण्याचा संभव नाही. तथापि ज्या घरात ग्रंथांची भाषा हीच बोलण्याची भाषा असून संध्याकाळी धडा म्हणवून घेण्यास शिकलेले वडीलधारे माणूस हजर असते, त्या घरातील मुलाने आणि दिवसभर गुरांमागे हिंडून आलेल्या मुलाने एकच उतारा सारख्याच सफाईने तोंडपाठ करावा, ही अपेक्षाच मुळात विषम आहे.

एकोणिसाव्या शतकात घोकंपट्टी आणि पक्षपात यांचे हे नाते अनुदानाच्या एका पद्धतीने अधिकच दृढ केले. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित शिक्षणसंहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत इन्स्पेक्टरापुढे होणाऱ्या परीक्षेच्या निकालावर मुकर्रर केले. आणि स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड या कवीने, त्यामुळे अध्यापन यांत्रिक झाल्याची तक्रार आपल्या सरकारी अहवालांतून केली. मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही हेच तत्त्व लागू झाले. ज्या शिक्षकाची प्राप्ती निकालावर अवलंबून, तो उताऱ्यांची घोकणी करवून घेणार आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत गैरहजर राहणारे कुणब्याचे पोर हे तोट्याचे खाते मानणार, हे ओघानेच आले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात, निकालावर पैसा देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित रयतेत विद्याप्रसार करण्यास अनुरूप नाही, असे स्वच्छ नमूद केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येत असता शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, आणि प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतांशी ब्राह्मणच आहेत, हे दाखवून त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत आणि मोडी-बाळबोध वाचन-लेखन व हिशेब यांच्या जोडीला शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी मागणी केली.

पाठांतर हे स्वतः निंद्य नव्हे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकलेला मुलगा बाजारात रोकडा हिशेब करू शके. कारण जे पाठ केले त्याचा उपयोग त्याच्या व्यवहारात होता. दोष आहे तो अर्थावाचून केलेल्या घोकंपट्टीत. मुलांना दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जाचते, असा निष्कर्ष शालेय अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने १९९३ साली काढला. तरीही आपल्याकडे गाइडे, 'अपेक्षित' प्रश्नसंच आणि शिकवणीचे वर्ग यांची भरभराट चालूच आहे, आणि ही सामग्री विकत घेण्याची ऐपत सर्वांना सारखी नाही.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, म्हणजे फुल्यांच्या मागणीचा एक अंश कायद्याने मान्य केला. मूल शाळेत आणण्याची जबाबदारी आता सरकारची आहे. परंतु त्याला काय समजले हे न विचारता काय आठवते एवढेच विचारणारी परीक्षा जोवर कायम आहे, तोवर समान प्रश्नपत्रिकेला न्याय म्हणणे अयोग्य ठरेल.