पानाला डोळे आले

गेल्या श्रावणात बचत गटाच्या बैठकीला वाडीवर गेले होते. हिशेब आटोपले, तशी एका वहिनींनी भाताचं पान पुढे केलं. "ताई, हे बघा, पानाला डोळे आलेत." खरंच डोळेच! दोन्ही टोकांना निमुळते, कडेला तपकिरी, मधे राखाडी. घरी सांगितलं, तर "युरिया कमी पडला असेल" म्हणून भाऊजींनी आणखी युरिया फेकला होता.

मी कला शाखेची, मला काय कळणार! पान कृषी सहायकांना दाखवलं. म्हणाले, हा करपा, बुरशीचा रोग. बुरशीचे बीजाणू साध्या डोळ्यांना न दिसणारे. वाऱ्यावर येतात, पानाला चिकटतात. रिमझिम पाऊस, गार रात्र, सकाळचं दव, यामुळे पान बराच वेळ ओलं राहिलं की बीजाणू रुजतो. मग मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब देऊन पानाची साल भेदतो. चार-सहा दिवसांत ठिपका, आणि एकेका ठिपक्यातून रात्रीत हजारो नवे बीजाणू शेजारच्या खाचरात! जादा युरियानं पान लुसलुशीत होतं, बुरशीला आयतंच फावतं. म्हणजे पाहुण्याला आपणच पाट मांडून दिला की!

दसऱ्याला पुन्हा गेले. भरलेली लोंबी वाकते. वहिनींच्या दोन खाचरांत लोंब्या पांढऱ्याफटक, ताठ उभ्या. मानेशी काळ्या पडलेल्या. दाणा चिमटीत चुरला, तर नुसता पोचट. "पान मी आधी बघितलं होतं," एवढंच त्या बोलल्या. त्या वर्षी त्यांच्या घरात विकतचा तांदूळ आला.

लावणी, बेणणी वाकून करणार आपण. पान आधी दिसणार आपल्याला. पण खताच्या दुकानात जाणार घरातले पुरुष!

यंदा पेरणीआधी गटातल्या बायकांनी बियाणं स्वतः निवडलं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. वर तरंगेल ते पोचट, रोगट बी काढून टाकलं. तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवलं, मग सहायकांनी सांगितलेलं बुरशीनाशक चोळलं. करपलेला पेंढाही बांधावर ठेवला नाही, बुरशी त्यातच दडून राहते. एवढं करूनही वाऱ्यावरून येणारं काही थांबत नाही. म्हणून दर शुक्रवारी दोघी-तिघी मिळून बांध फिरतात.

वहिनींच्या पडवीत युरियाची गोणी आहे. पण भाऊजी आता हात घालण्याआधी विचारतात, "पान बघितलंस का गं?"