सिसिली: प्रकाशाच्या वेळापत्रकाने चालणारी सहल

छायाचित्रणासाठी आखलेली सहल आणि नेहमीची पर्यटन सहल यांतला मुख्य फरक घड्याळाचा असतो. नेहमीच्या सहलीत आठला न्याहारी होते, नऊला बस सुटते आणि भर दुपारच्या उन्हात मंदिर, चर्च, किल्ला पाहून होतात. छायाचित्रकारांची सहल पहाटे अंधारात निघते, ऊन चढले की थांबते आणि सायंकाळी पुन्हा सुरू होऊन काळोख पडल्यावरही बराच वेळ चालते. अशा सहलींसाठी सिसिली हे फार सोयीचे बेट आहे. इटलीच्या दक्षिण टोकाशी असलेले हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर आहे. जागता ज्वालामुखी, अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक मंदिरे, नॉर्मन राजांनी करवून घेतलेले सोनेरी मोझेइक, भूकंपानंतर नव्याने उभी राहिलेली शहरे, मिठागरे आणि गजबजलेले मासळीबाजार एवढे वैविध्य या एका बेटावर मिळते.

गट सहसा लहान ठेवतात. एका अरुंद गल्लीत किंवा एका कड्यावर दहा-बारांपेक्षा जास्त तिपाया मावत नाहीत, आणि मोठा घोळका दिसला की समोरची माणसे बुजतात. सोबत दोन प्रकारचे जाणकार लागतात. चित्रचौकट, लेन्स आणि शटरचा वेग यांबद्दल सांगणारा छायाचित्रकार असतो आणि भाषा, रस्ते, चर्चच्या वेळा आणि माणसे ओळखणारा स्थानिक मार्गदर्शक असतो. एकच व्यक्ती दोन्ही कामे करते तेव्हा बहुधा एक काम मागे पडते. दुपारचे तास वाया जात नाहीत. सिसिलीत दुपारी बरीच चर्च आणि दुकाने बंद असतात, ऊनही सपाट आणि प्रखर असते. त्या वेळात सकाळची छायाचित्रे पडद्यावर लावून प्रत्येकाच्या कामावर चर्चा होते. नवख्या माणसाला सहलीतला खरा लाभ इथेच होतो, कारण एकाच जागी उभ्या राहिलेल्या दहा जणांनी किती वेगवेगळे पाहिले हे तिथे कळते.

बेटाचा प्रकाश समजून घेतला तर हे वेळापत्रक आपोआप पटते. सिसिली साधारण ३७ ते ३८ उत्तर अक्षांशांवर आहे, तर मुंबई १९ अंशांवर. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि लवकर अंधारते. सिसिलीत तो तिरका उतरतो, त्यामुळे सोनेरी ऊन आणि त्यानंतरचा निळसर संधिप्रकाश दोन्ही अधिक वेळ टिकतात. जूनमध्ये पालेर्मोला सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या पुढेमागे. हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर असतो, म्हणून भिंतींवरचे कोरीवकाम दिवसभर लांब सावल्यांनी उठून दिसते. सहारावरून सिरोक्को नावाचा वारा सुटला की हवेत धूळ भरते, दूरचे डोंगर पुसट होतात आणि आकाश पिवळट दिसते. असा दिवस अनेकांना फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात गल्ल्यांमधल्या आणि माणसांच्या छायाचित्रांना त्या दिवशी फार मऊ प्रकाश मिळतो.

पूर्व किनाऱ्यावर सगळीकडून एट्ना दिसतो. ३,३०० मीटरहून अधिक उंचीचा हा ज्वालामुखी जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून २०१३ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. दक्षिण बाजूला सुमारे १,९०० मीटरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि तिथून रोपवे २,५०० मीटरपर्यंत नेतो. शिखराकडच्या भागात परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही, आणि उद्रेकाच्या स्थितीनुसार ही हद्द बदलत राहते. ताओर्मिनाचे प्राचीन नाट्यगृह आणि त्यामागे एट्ना हे बेटावरचे सर्वांत परिचित दृश्य आहे. इथून एट्ना नैर्ऋत्येला असल्याने सायंकाळी तो काळ्या आकृतीसारखा दिसतो. पहाटेचे पहिले किरण मात्र थेट त्याच्या पूर्व उतारावर पडून बर्फ गुलाबी होतो. नाट्यगृहाची तिकीट खिडकी उघडेपर्यंत ही लाली ओसरलेली असते, म्हणून चांगला मार्गदर्शक गटाला पहाटे वरच्या कास्तेलमोला गावात नेतो आणि नाट्यगृहासाठी वेगळी वेळ ठेवतो.

लाव्हाच्या काळ्या रानात कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते. कोणताही कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे असल्याचे गृहीत धरतो. त्यामुळे काळा लाव्हा तो उजळून राखाडी करतो, तर पश्चिमेकडच्या मिठागरांतले पांढरेशुभ्र मीठ मळकट दाखवतो. पहिल्या ठिकाणी एक्स्पोजर साधारण एक स्टॉप कमी करावे लागते, दुसऱ्या ठिकाणी तेवढेच वाढवावे लागते. पुस्तकात अनेकदा वाचूनही डोक्यात न बसलेला हा नियम सिसिलीत पक्का होतो, कारण बेटाच्या दोन टोकांना त्याची दोन्ही उदाहरणे मिळतात.

एट्नाच्या पायथ्याचे कातानिया शहर याच काळ्या दगडाने बांधलेले आहे. १६६९ च्या उद्रेकातला लाव्हा या शहरापर्यंत आला. त्यानंतर ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने आग्नेय सिसिली उद्ध्वस्त केली. ज्या शैलीत ती पुन्हा उभी राहिली ती बरोक शैली आज इथल्या छायाचित्रणाचा मोठा विषय आहे. कातानिया, नोतो, मोदिका, रागुसा आणि शिक्ली यांच्यासह आठ गावे २००२ मध्ये जागतिक वारसा ठरली. नोतोचा चुनखडक पिवळसर आहे आणि कलत्या उन्हात त्याचा रंग गडद होत जातो. रागुसाचा जुना भाग टेकडीवर असल्याने समोरच्या उंचवट्यावरून निळ्या संधिप्रकाशात, खिडक्यांतले दिवे लागताना तो टिपतात. सिराकुसाच्या ऑर्तिजिया भागातले कॅथीड्रल या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या अथेना मंदिराचे डोरिक स्तंभ त्याच्या भिंतींत आजही दिसतात आणि पश्चिमाभिमुख दर्शनी भाग अठराव्या शतकातला आहे. दर्शनी भागासाठी सायंकाळ निवडावी. स्तंभांना मंद, पसरट प्रकाशही चालतो.

पश्चिमेचा प्रवास पालेर्मोपासून सुरू होतो. नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरने बांधवलेल्या कापेल्ला पालातिना या राजप्रासादातल्या प्रार्थनागृहात बायझंटाइन मोझेइक आणि अरबी कारागिरीचे लाकडी छत एकाच वास्तूत आहेत. बाराव्या शतकातल्या मॉन्रेआले कॅथीड्रलच्या भिंतींवर सहा हजारांहून अधिक चौरस मीटर मोझेइक आहे. सोन्याचा वर्ख लावलेले काचेचे तुकडे किंचित वेगवेगळ्या कोनांत बसवलेले असतात, त्यामुळे पाहणारा दोन पावले सरकला की चमक बदलते. आत तिपाई सहसा चालत नाही. आयएसओ वाढवून, खांबाला टेकून, श्वास रोखून छायाचित्र घ्यावे लागते. फ्लॅश वापरल्यास मोझेइकची सगळी खोली नाहीशी होते. पालेर्मोच्या बाल्लारो आणि कापो या बाजारांत अडचण वेगळी असते. तिथल्या रंगीत छतांतून गाळून येणारे ऊन मासळी, भाजी आणि चेहरे एकाच रंगात बुडवते. रॉ फाइलमध्ये छायाचित्र घेतले असेल तर हा रंग नंतर सुधारता येतो. पुष्कळदा तो तसाच ठेवणे चांगले, कारण बाजाराचा खरा रंग तोच असतो.

त्रापानी ते मार्साला या किनाऱ्यावरची मिठागरे सायंकाळसाठी राखून ठेवतात. उथळ खाचरे, जुन्या पवनचक्क्या, कौलांनी झाकलेले मिठाचे ढीग आणि समुद्रात मावळणारा सूर्य असे ते दृश्य असते. क्षारांचे प्रमाण वाढलेल्या खाचरांत सूक्ष्म जीवांमुळे पाणी गुलाबी दिसते. मीठ उन्हाळ्यात काढतात. दक्षिणेला आग्रिजेन्तोच्या ‘मंदिरांच्या खोऱ्यात’ काँकोर्डिया मंदिर आहे. समोर ६ आणि बाजूला १३ स्तंभांची ही वास्तू इ. स.च्या सहाव्या शतकाच्या अखेरीस चर्चमध्ये रूपांतरित झाली, म्हणूनच ती इतकी शाबूत राहिली. फेब्रुवारीत भोवतालची बदामाची झाडे फुललेली असतात.

सिसिलीत छायाचित्रण शिकायचे तर इथे काम केलेल्यांची छायाचित्रे आधी पाहायला हवीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या उन्हाळ्यात, रॉबर्ट कापा अमेरिकी सैन्यासोबत या बेटावर होता. त्रोइनाजवळ त्याने घेतलेल्या एका छायाचित्रात ठेंगू शेतकरी हातातली काठी पुढे करून, उकिडव्या बसलेल्या अमेरिकी सैनिकाला जर्मन कोणत्या वाटेने गेले ते दाखवतो. बागेरियात जन्मलेल्या फेर्दिनान्दो शान्नाने इथल्या धार्मिक उत्सवांची छायाचित्रे काढली. १९६५ मध्ये लेओनार्दो शाशाच्या लेखनासह त्यांचे पुस्तक निघाले, आणि पुढे मॅग्नम या संस्थेत प्रवेश मिळवणारा शान्ना पहिला इटालियन छायाचित्रकार ठरला. लेतित्सिया बात्तालियाने पालेर्मोच्या ‘लोरा’ दैनिकासाठी माफियांच्या हत्यांचे रक्ताळलेले रस्ते आणि त्याच शहरातल्या मुली, बायका, गरीब वस्त्या कृष्णधवल छायाचित्रांत नोंदवल्या. १९८५ मध्ये तिला युजीन स्मिथ पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये तिचे निधन झाले. तिने पालेर्मोत उभे केलेले छायाचित्रण केंद्र ज्या सहलीच्या कार्यक्रमात असते, त्या सहलीचा आयोजक विषय जाणतो असे समजायला हरकत नाही.

उत्सव टिपायचे असतील तर तारखा आधी पाहाव्यात. कातानियात संत आगाथाचा उत्सव ३ ते ५ फेब्रुवारीला होतो. त्रापानीत गुड फ्रायडेच्या दुपारी येशूच्या यातना दाखवणाऱ्या २० शिल्पसमूहांची मिरवणूक निघते आणि जवळजवळ २४ तास चालते. वेगवेगळ्या व्यवसायांचे संघ आपापले शिल्प खांद्यावर घेऊन लयीत डोलत चालतात. ही डोलणारी चाल दाखवायला शटरचा वेग सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका कमी ठेवावा लागतो. मिरवणुकीच्या पुढे धावत छायाचित्रे घेणाऱ्यांपेक्षा एका कोपऱ्यावर उभे राहून ती जाऊ देणाऱ्यांना अधिक मिळते. तिथले लोक पहाटेपर्यंत जागे राहून श्रद्धेने चालत असतात, हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी लक्षात असले पाहिजे.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. इटलीत सार्वजनिक जागी स्वतःसाठी छायाचित्रे घेता येतात. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध करायला सर्वसाधारणपणे तिची संमती लागते, सार्वजनिक घटना आणि समारंभ यांना अपवाद आहे. सरकारी वारसास्थळांच्या छायाचित्रांचा व्यावसायिक वापर करायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. कॅमेरा असलेला ड्रोन उडवायचा तर युरोपीय संघाच्या नियमांनुसार चालकाची नोंदणी लागते, उंचीची मर्यादा १२० मीटर आहे, आणि इटलीत विमाही बंधनकारक आहे. पुरातत्त्व स्थळांवर ड्रोन नेण्याचा विचार परवानगीशिवाय करूच नये.

उत्तरेकडच्या एओलियन बेटांपैकी स्ट्राँबोलीचा ज्वालामुखी काही मिनिटांच्या अंतराने ठिणग्या उडवतो. २०१९ च्या जोरदार स्फोटांनंतर शिखराची वाट बंद झाली असून ठरावीक उंचीपर्यंतच चढता येते. रात्री अनेकजण होडीतून तो पाहतात. पण हलत्या होडीतून दीर्घ एक्स्पोजर साधत नाही, त्यासाठी जमिनीवर रोवलेली तिपाईच हवी. एट्नाची आणि स्ट्राँबोलीची बारीक राख लेन्सच्या सांध्यांत शिरते, म्हणून तिथे लेन्स बदलणे टाळावे. शिवाय रोजच्या छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या बॅगांत ठेवाव्यात.

हंगाम म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर उत्तम. ऑगस्ट टाळावा. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकुसाजवळ ४८.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने हा युरोपचा उच्चांक म्हणून मान्य केला. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी काही महिने आधी तयारी करावी. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला एकाच गावात किती रात्री मुक्काम आहे ते विचारावे. आठवड्याभरात संपूर्ण सिसिली दाखवणारी सहल छायाचित्रकाराच्या उपयोगाची नाही. तेवढेच दिवस हाताशी असतील तर पूर्व किंवा पश्चिम यांपैकी एकच बाजू निवडावी.