मोठ्या छायाचित्राची रेखीवता

काशीचा ब्रह्मा घाट दुर्गा घाटाला लागून आहे. या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. घाटाचे तोंड पूर्वेस असल्यामुळे सूर्योदयाचा प्रकाश थेट पायऱ्यांवर पडतो. नावेतून टिपलेले असे एक दृश्य वाचनालयाच्या भिंतीसाठी 60 इंच रुंद छापावयाचे आहे, अशी कल्पना करू.

2.4 कोटी चित्रबिंदूंच्या कॅमेऱ्यातील संवेदकावर आडवे 6000 आणि उभे 4000 प्रकाशग्राही घटक असतात. हे घटक केवळ प्रकाशाचे प्रमाण मोजतात. रंग त्यांना कळत नाही. म्हणून निम्म्या घटकांवर हिरवी, चौथाईवर तांबडी आणि चौथाईवर निळी गाळणी बसवितात. ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट 1976 साली मिळाले. अर्थात प्रत्येक बिंदूचा एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात. 'रॉ' धारिकेचे रूपांतर ते हेच. 14 बिटांच्या अशा धारिकेत उजेडाच्या 16,384 पातळ्या नोंदता येतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 च मिळतात. उजळलेली पायरी आणि कमानीखालचा अंधार दोन्ही राखावयाचे असतील, तर हा फरक लहान नव्हे.

या अनुमानामुळे कडा किंचित मृदू होतात व त्यांना धार द्यावी लागते. 'धार' हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. संगणक चित्राची एक धूसर प्रत करतो, ती मूळ चित्रातून वजा करतो आणि उरलेला फरक मूळ चित्रातच मिळवितो. त्यामुळे कडेची उजळ बाजू अधिक उजळ व काळी बाजू अधिक काळी होते. दगडाचा एकही नवा कण त्यातून निर्माण होत नाही. प्रमाण वाढले, की प्रत्येक पायरीच्या कडेस पांढरी रेघ उमटते. पाहणाऱ्यास ती पुराच्या पाण्याची खूण वाटावी! घाटाची नोंद म्हणून जपावयाच्या चित्रात असा खोटा पुरावा शिरणे घातकच.

म्हणून रूपांतराच्या वेळी धार अगदी सौम्य ठेवावी. खरी धार चित्र छपाईच्या आकारात आणल्यावर द्यावी. 6000 बिंदू 60 इंचांवर पसरले म्हणजे इंचाला 100 येतात व एक बिंदू पाव मिलिमीटरचा होतो. 20 इंची प्रतीत तोच त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. एका आकारास योग्य ठरलेले प्रमाण दुसऱ्यास चालत नाही, ते यामुळे. सुमारे एक मीटरवरून निरोगी डोळ्यास पाव मिलिमीटरचे बिंदू वेगळे दिसत नाहीत. धुके व पाणी यांना धार देऊ नये. तेथे केवळ संवेदकाची खरखर वाढते. शेवटी पायऱ्यांचा एक पट्टा प्रत्यक्ष आकारात छापून भिंतीवर लावावा व मीटरभर अंतरावरून पाहावा. पडद्यावरील चित्रावर विसंबू नये.